माणसाला मेंढीसारखं सुजत नाही

भागाआक्का,

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. परभणीच्या एका साप्ताहिकाचे संपादक माझ्या ओळखीचे आहेत. तुझ्यावर लेख द्या म्हणाले. धनगरांच्या तळातळावर देवीची लस पोचवणारी निरक्षर पण थोर बाई, असं काहीतरी. मी हो म्हणालो. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. 'थोर' हा शब्द लिहिला की तू कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायचीस. "टोच्या, हे कुनाबद्दल लिवायलास?"

म्हणून सरळ तुलाच लिहितो. तू मला एकदा एक प्रश्न विचारला होतास आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं होतं. ते उत्तर बदलायला मी दोन वर्षं सवड शोधत होतो, असं मी स्वतःला सांगत आलो. सवड होती, रजा होती, सायकल होती. तोंड नव्हतं. तू आता ऐकणार नाहीस हे पक्कं झाल्यावर मला वाचा फुटली आहे. म्हणजे माझा स्वभाव फारसा सुधारलेला नाही, हे तू लगेच ओळखशील.

आपली पहिली भेट वालूरच्या शिवारातली. पोलीस ॲक्शननंतरचा दुसरा उन्हाळा. निजामाचं राज्य गेलं होतं, पण आमच्या खात्याचं रजिस्टर अजून उर्दूतच होतं आणि मीही उर्दूतूनच मॅट्रिक झालो होतो. पाथरीत तेलाचा घाणा चालवणाऱ्या घरातला मी पहिला शिकलेला आणि पहिला पगारदार. नेमणूक कच्ची, काम देवी टोचण्याचं. गावातली पोरं सापडायची, कारण घरं जागेवर असायची. तुम्ही सापडत नव्हता. पाच-सहा पालं, दोनशे मेंढरं आणि चार तट्टं, एवढ्याला तुम्ही वाडा म्हणायचात. खतासाठी ज्याच्या रानात मेंढरं बसवायचं ठरेल त्याच्या रानात आज वाडा, उद्या दुसऱ्याच्या. तुमची पोरं कुठल्याच गावच्या यादीत नव्हती. साहेबांनी मला बजावलं होतं, "धनगरांची पोरं टोचून दाखव, नाहीतर बापाच्या घाण्याला जुंपून घे."

मी पोचलो तेव्हा तुझा दीर मारुती तट्टाच्या खोगिराला टेकून तंबाखू मळत होता. मला पाहून ओरडला, "आला बगा टोच्या! कोंबड्या झाका, पोरं झाका!" बाया हसल्या. तू एका मेंढीचा पाय मांडीत धरून तिचं खूर कापत होतीस. माझ्याकडे न बघताच विचारलंस, "काय हाय पिशवीत?"

मी समजावून सांगितलं. दातेरी चकतीची फिरकी काढून दाखवली. ती दंडावर टेकवून पिळायची आणि काचेच्या नळीतली लस तिथं चोळायची. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "एवढंच व्हय? हे तर आमी मेंढराला करताव."

मग तू मला शिकवलंस. मेंढरांना देवी आल्या की जिला हलक्या आल्या असतील तिची खपली घ्यायची, दुधात वाटायची आणि चांगल्या मेंढीच्या कानाचं टोक चिरून त्यात भरायची. आठव्या दिवशी कान बघायचा. सुजला तर लागलं, ती मेंढी जन्माची सुटली. नाही सुजला तर पुन्हा करायचं.

"पण कानालाच का?" मी विचारलं.

"कान सडला तर कापून टाकता येतो. लेकराचा दंड कापशील का?"

बाया पुन्हा हसल्या. मला राग आला. परभणीच्या शाळेत डोळे फोडून शिकलेल्या माणसाला मेंढरं राखणारी बाई त्याचंच शास्त्र सांगत होती.

तरी पोरं ओळीनं बसवलीस तूच. पहिली तुझी नात रखमा, सात वर्षांची. फिरकी दंडात फिरताना बाकीची पोरं आईच्या पदरात तोंड खुपसून रडली. रखमा माझ्या विजारीकडे बघत होती. "किती पांढरी हाय," म्हणाली. अकरा पोरं टोचून झाली. बारावा मारुतीचा किसन, पाच वर्षांचा. त्याला बापानं घोंगड्यांच्या गठ्ठ्यात लपवला होता. गठ्ठा हलत होता, तो मला दिसत होता. मी काही बोललो नाही. मला परतीची मोटार गाठायची होती.

त्या विजारीबद्दलच तुला सांगायचं आहे. लसीच्या नळ्या मडक्यात ठेवायच्या, मडक्याला ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते मांडीवर घेऊन प्रवास करायचा, असा आम्हाला हुकूम होता. पहिल्या पगारातून शिवलेली ती विजार मी त्या दिवशी पहिल्यांदा घातली होती. ओल्या फडक्याचे डाग पडतील म्हणून मी मडकं मोटारीच्या टपावर, सामानात ठेवलं. चैत्राचं ऊन आणि पत्र्याचा टप. सेलूला मडकं खाली घेतलं तेव्हा हाताला चटका बसला. मी फडकं पुन्हा भिजवलं. मडकं गार झालं. आत काय झालं असेल ते मला तिथंच, सेलूच्या मोटारतळावर, ठाऊक झालं होतं. ती लस घेऊन मी पायी तुझ्यापर्यंत आलो आणि तुला शास्त्र समजावून सांगितलं.

आठव्या दिवशी जाऊन दंड बघायचा, हे आमच्याही नियमात होतं. मी बाराव्या दिवशी आलो. वाडा दुधनेच्या काठाला सरकला होता. तू रखमाला माझ्यासमोर उभी केलीस. दंडावर चार कोरडे ओरखडे, मांजरानं बोचकारल्यासारखे. फोड नाही, सूज नाही.

"लागली का न्हाई?"

"लागली."

"सुजलं कुठं?"

"आक्का, माणसाला मेंढीसारखं सुजत नाही."

खरं तर सुजतं. चांगलं टपोरं सुजतं. पण पुन्हा टोचायचं तर अकरा नावांपुढं 'लागली नाही' लिहावं लागलं असतं, आणि का लागली नाही हे साहेबांनी विचारलं असतं. तू माझ्या तोंडाकडं बघत राहिलीस. मग रखमाचा दंड सोडलास. "आसंल बाबा. तू शिकलेला हायस." तू कुणाचं इतक्या मुकाट्यानं ऐकलेलं मी त्यानंतर कधी पाहिलं नाही.

वैशाखात वाडा चारठाण्याकडं गेला आणि किसनला देवी आल्या. न टोचलेला तोच एक. तुम्ही त्याला बांधापलीकडं वेगळ्या पालात ठेवलंत. अंगावर देवीचे वण असलेला एक म्हातारा त्याला दूध न्यायचा, पण पोर तोंड उघडेना. आजारी मेंढी वेगळी बांधली की ती एकटी चारा खात नाही, हे तुला ठाऊक होतं. तिच्या सोबतीला कान टोचलेली मेंढी बांधायची. टोचलेलीला बाधत नाही, आणि ती खाताना बघून आजारी मेंढी खाते. हे तू जन्मभर करत आली होतीस. तू तेच केलंस. रखमाची आई, तुझी सून सखू, नको नको म्हणत होती. "टोचलीय ती," असं सांगून तू रखमाला किसनजवळ नेऊन बसवलीस. "त्याच्या म्होरं बसून जेव."

ती सहा दिवस त्याच्यासमोर बसून भाकरी खात होती आणि तिच्याकडं बघून तो खात होता. किसन वाचला.

पाटलाचा निरोप आला म्हणून मी चारठाण्याला पोचलो. या खेपेला मडकं मांडीवर होतं. रखमाच्या अंगावर देवी उमटून पाच दिवस झाले होते. पापण्या चिकटून बंद झाल्या होत्या. ओठांच्या आतून फोड होते, त्यामुळं दूध आत जात नव्हतं, गालावरून खाली यायचं. हाक मारली की ती नुसता हात हलवायची. तू तो हात धरून माझ्यापुढं केलास. फोडांच्या गर्दीत माझे चार ओरखडे अजून ओळखू येत होते.

"हे बग. तुजी खूण. देवीला दिसली न्हाई व्हय?"

मी मडक्यावरचं फडकं नीट करायला लागलो.

"बोल की. मानसाला सुजत न्हाई म्हनला व्हतास. आता बग कसं सुजलंय."

दोन दिवसांनी ती गेली. तिला पुरून आलो तेव्हा मारुती किसनला खांद्यावर घेऊन उभा होता. मला ऐकू जाईल असं म्हणाला, "लपवलं ते जगलं, टोचलं ते मेलं." हे वाक्य माझ्या आधी सगळ्या वाड्यांवर पोचलं. जिंतूरपासून पाथरीपर्यंत मी दिसलो की पालं उठायला लागली.

रखमाला पुरलं त्याच दिवशी सखूनं मला गाठलं होतं. तिच्या हाताची माती अजून ओली होती. "टोचलं व्हतं ना तुमी माज्या लेकराला? खरं सांगा."

"टोचलं होतं. लस कधी कधी लागत नाही, बाई. कुणाचा दोष नसतो."

मी हे अगदी मऊ आवाजात, दिलासा दिल्यासारखं बोललो. त्या मऊ बोलण्यानं पुढं काय केलं ते मला तू गेल्यावर कळलं.

एवढं झाल्यावर तू मला दगडानं मारायला हवं होतंस. मी दौऱ्यावर निघालो की वाट वाकडी करून तुमचा वाडा टाळायचो. पण थंडी पडली तसा तुझा निरोप आला. "टोच्याला म्हनावं, मडकं घेऊन ये." मी आलो. तू मला बस म्हणाली नाहीस, पाणी विचारलं नाहीस. माझ्या हातातून मडकं घेतलंस, फडक्यावर तळवा दाबून बघितलास आणि मगच पोरं बाहेर काढलीस. या वेळी किसनलाही बाहेर काढलंस. त्याच्या तोंडभर वण होते, त्याला गरज नव्हती. मारुतीला बघू दे म्हणून त्याला नुसता माझ्यासमोर बसवलास.

आठव्या दिवशी मी दिवस उगवायच्या आत हजर होतो. तू प्रत्येक दंड माझ्या बोटांखाली धरायचीस आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायला लावायचीस. लागली. लागली. लागली.

मग तू मला दुसऱ्या वाड्यांवर नेलंस. पहिला वाडा गोदावरीकाठचा, पाथरीच्या खालच्या अंगाचा. तिथला म्हातारा तुझ्या माहेरचा, तुला नावानं हाक मारणारा. म्हणाला, "भागे, तुज्या नातीचं कळलं आमाला. आन् ह्यालाच घेऊन आलीस व्हय? कामून?"

"म्हून तर आनलाय. ह्याच्या हातून माजी नात मेलीय. एक मारल्यालं हाय ह्यानं, आता दुसरं मारायला भितो. ज्यानं कदी मारलंच न्हाई त्याला काय भ्याव? दंड फुडं करा."

मी उन्हात खाली मान घालून उभा होतो. म्हातारा पोट धरून हसला. "मंग ह्याच्याहून चांगला घावायचा न्हाई," म्हणाला आणि बाही सारून स्वतःचाच दंड पुढं केला.

त्यानंतर माझी ओळख तू दुसऱ्या शब्दांत कधीच करून दिली नाहीस. प्रत्येक वाड्यावर तेच वाक्य, माझ्यासमोर, मोठ्यानं. पहिल्या वर्षी मला वाटायचं, आता पुरे कर. दुसऱ्या वर्षी कळलं की तू पुरे करणार नाहीस. पोरं लांबून मला बघून धावत सुटायची, "भागीची नात मारल्याला आला! टोच्या आला!" आणि आया चोळीच्या बाह्या सोडवत पुढं यायच्या. असं नाव घेऊन सरकारी काम करणारा दुसरा माणूस हैदराबाद राज्यात नसेल. पण तुझं गणित चुकलं नाही. मी खरोखरच भ्यालेला होतो. मडकं मी झोपतानासुद्धा उशाशी ठेवायचो. त्या वर्षांत आपण टोचलेल्या वाड्यांत देवीनं गेलेलं पोर मी पाहिलं नाही.

एकदा चारठाण्याच्या माळावर चार पोरांचे दंड कोरडे निघाले. मी चाचरत म्हणालो, "नाही लागली." मग मागून एक बाई म्हणाली, "आगं बया, सरकारी मानूस पैल्यांदा न्हाई म्हनला!" हसून हसून लोकांनी मांड्यांवर थापा मारल्या. तू हसली नाहीस, पण त्या दिवशी मला ताक दिलंस. वाटी माझ्यासमोर जमिनीवर आपटलीस, अर्धं ताक सांडलं, तरी दिलंस.

माझ्या शिक्षणाचं श्रेय लोक माझ्या वडिलांना देतात, आणि त्यांनी घाण्यावर काढलेल्या कष्टांचं ऋण मी नाकारत नाही. पण मला कॉलेजात तू घातलंस. एका दुपारी मेंढरं कातरताना तू सहज विचारलंस, "मानसाला सुजत न्हाई, हे कुठल्या पुस्तकात हाय? ते पुस्तक आन. मला वाचता येत न्हाई, तू वाचून दाखव." त्यानंतर भेटेल तेव्हा तेच. घावलं का पुस्तक? आनलंस का पुस्तक? शेवटी मी म्हणालो, औरंगाबादच्या कॉलेजात मिळेल कदाचित, पण नोकरी सोडावी लागेल. तू कातर थांबवली नाहीस. "मंग जा की. हितं ऱ्हायलास तर मला तुजं त्वांड रोज बगावं लागतंय."

मी गेलो. सायन्स घेतलं. लस उन्हात का मरते, आठव्या दिवशी दंडाखाली काय घडतं, हे मी तिथं शिकलो. खपली कानात भरणारी तुमची माणसं कुठल्या गोष्टीच्या किती जवळ होती, हेही शिकलो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून पाथरीत माझा सत्कार झाला. हार गळ्यात असताना मला तुझा आवाज ऐकू येत होता.

पदवी घेऊन परत खात्यात लागलो आणि पेढे घेऊन तुझ्याकडं आलो. दोन वर्षांपूर्वीची ही गोष्ट. वाडा त्या वेळी सेलूच्या अलीकडं होता. तू पेढा तोंडात टाकलास, चघळलास. "ग्वाड हाय. पुस्तक कुठंय?"

"तसं पुस्तक नाही, आक्का."

"व्हय. मला वाटलंच."

मग तू तो प्रश्न विचारलास. आवाज चढवला नाहीस, टोमणा मारला नाहीस, मला टोच्याही म्हणाली नाहीस.

"त्या दिशी चुकून बोललास, का ठाव असून बोललास?"

"चुकून," मी म्हणालो. "मला कळत नव्हतं तेव्हा. लहान होतो."

"बरं," तू म्हणालीस. उरलेले पेढे पोरांना वाटून टाकलेस आणि मेंढरांमागं गेलीस.

त्या 'बरं'वर मी दोन वर्षं जगलो. कधी वाटायचं, तुझा विश्वास बसला. कधी वाटायचं, तुला सगळं कळलं होतं आणि तू मला बोलायची एक संधी दिली होतीस. तुझ्या वाड्यावर मी एक गोष्ट पाहिली होती, पण तिचा अर्थ लावला नव्हता. सखू तुला ताट वाढायची, पण हातात द्यायची नाही. ते किसनच्या हातून यायचं. तुझी काही विचारपूस असली तर ती मेंढीशी बोलल्यासारखं बोलायची. सासू-सुनेचं असतंच काहीतरी, असं म्हणून मी पुढं जायचो. दंड बघायचं माझं काम.

तू गेल्याचं मला पाथरीच्या मोटारतळावर वालूरच्या एका शेतकऱ्याकडून कळलं. छातीत कफ भरला आणि चार दिवसांत आटोपलं, एवढंच त्याला ठाऊक होतं. मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तुला वालूरच्याच शिवारात, ओढ्याच्या वरच्या बांधाला पुरलं होतं. ओली माती दोन दिवसांत भेगाळली होती. मारुतीनं मला पहिल्यांदाच 'या' म्हटलं. तेही मला टोचलं.

मी ठरवून आलो होतो. तुला सांगता आलं नाही, तर निदान रखमाच्या आईला सांगायचं. आता मनावरचं ओझं उतरवू, असा माझा शिकलेला विचार होता. सखू पालापुढं बसून लोकर निवडत होती. मी समोर मातीत बसलो आणि सगळं सांगितलं. पांढरी विजार, मोटारीचा टप, चटका देणारं मडकं, कोरडे ओरखडे बघूनही 'लागली' म्हणालो ते. तुझा प्रश्न सांगितला आणि माझं 'चुकून'ही सांगितलं.

तिनं लोकरीतले काटे काढायचं थांबवलं नाही. विचारलं, "आत्याबाईला ठाव व्हतं का हे?"

"मी सांगितलं नव्हतं."

"मंग ती सगळ्या वाड्यांवर कशी सांगायची? ह्याच्या हातून मेली म्हून?"

मी खाली पडलेला एक काटा उचलला.

"मला वाटायचं," सखू म्हणाली, "म्हातारी आपलं पाप दुसऱ्याच्या पदरात टाकायलीय. म्या नगं नगं म्हनताना माजं लेकरू तिनं रोग्याजवळ न्हेऊन बसवलं. आन् तुमी सोताच्या तोंडानं सांगितलं व्हतं, कुनाचा दोष न्हाई. शिकल्याला मानूस खोटं कशाला बोलंल? मंग दोष ऱ्हायला कुनाचा? तिचाच."

तिनं हातातली लोकर बघितली आणि पुन्हा निवडायला लागली.

"धा वरसं म्या तिच्यासंगं बोलले न्हाई. एका पालात ऱ्हाऊन. शेवटाला पानी मागत व्हती. माज्याच नावानं. सखू, पानी दे. सखू, पानी दे. माजी जाऊ घेऊन आली तर मान फिरवायची, पुन्यांदा माजंच नाव. म्या हितंच बसले व्हते, आता बसलेय तशी. उठले न्हाई. तशीच गेली ती, कोरड्या तोंडानं."

आक्का, तू वर्षानुवर्षं भर उन्हात उभी राहून खरं सांगत होतीस. अनोळखी वाड्यांनी ते मानलं आणि पोरांचे दंड पुढं केले. तुझ्या स्वतःच्या पालात ते कुणी मानलं नाही, कारण मी त्याआधी येऊन मऊ आवाजात दुसरं काही बोलून गेलो होतो आणि मी शिकलेला होतो. तुला सुनेपुढं स्वतःची बाजू मांडता आली असती. याच्याच सांगण्यावरून मी पोर नेऊन बसवलं, असं तू म्हणू शकत होतीस. म्हणाली असशील, आणि तिनं ऐकलं नसेल. किंवा म्हणालीच नसशील. हे मी आता कुणाला विचारू? आणि हे सगळं सखूला सांगून मी काय कमावलं? त्या दिवसापर्यंत तिला एक मेलेली मुलगी होती आणि राग धरायला एक सासू होती. मी जाऊन तेवढंही काढून घेतलं.

ती उठली. पालाच्या कडेची घागर घेतली, विहिरीवरून भरून आणली आणि बांधावर जाऊन तुझ्या मातीवर ओतली. काळी माती. भेगांनी पाणी घटाघट ओढलं आणि वर ओल दिसायच्या आत सगळं कोरडं झालं. ती परत विहिरीकडं गेली. दुसरी घागर. तिसरी. मारुती म्हणाला, "आगं, येडी झालीस का? कुनाला पाजायलीस?" ती थांबली नाही.

चौथ्या खेपेला ती माझ्यासमोरून चालली होती. ऊन फार होतं, ती दमली होती. मी उठून हात पुढं केला.

"घागरीला हात लावू नगा," ती म्हणाली.

मी हात मागं घेतला. ती भरलेली घागर घेऊन बांधाकडं गेली.